सलग ४३ मिनिटं

मे महिन्यात भाची पुण्याहून सुट्टीला आली आणि आल्या आल्या तिनं माझी तीस वर्षांची संगीतसाधना एका वाक्यात निकालात काढली. "मामा, तू गाणी ऐकतोस रे. अल्बम कधी ऐकलायस का?"

मी शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे अपमान पचवायची सवय आहे. पण हा वर्मी लागला. आमच्या कॉलेजात रॉक ऐकणारे आम्ही मोजून चार जण होतो आणि चौघांत मिळून कॅसेट एक. तीही भरून घेतलेली. एका बाजूला रॉक, उलटली की भावगीतं. 'हॉटेल कॅलिफोर्निया'तली शेवटची गिटार रंगात आली की टेप संपायची आणि खट् करून बटण वर यायचं. गाणं त्यापुढंही वाजतं हे मला चाळिशीत कळलं. अजूनही त्या जागी माझ्या कानात आधी खट् होतं आणि मग पेटीवर भावगीत सुरू होतं.

बाकी सोलापूरला नुसत्या मोठ्या आवाजाचं कौतुक नाही. मिरवणुकीच्या डॉल्बीवर वाढलेली माणसं आम्ही. खिडकीची तावदानं थरथरली नाहीत तर "आवाज येईना की ओ" म्हणतात.

भाचीनं माझ्या फोनवर पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' लावून दिला. १९७३ चा. एका गाण्यातून दुसरं निघतं, ४३ मिनिटं, मध्ये थांबायचं नाही. "तुकडे करून ऐकायचं नाही हां मामा." कडक भाकरी चुरूनच खातात, हे मी तिला तेव्हाच सांगायला हवं होतं. वर म्हणाली, अमेरिकेतल्या खपाच्या यादीत हा अल्बम १९८८ पर्यंत मिळून ७४१ आठवडे होता. मी मनात भागाकार केला. सव्वाचौदा वर्षं. रामाचा वनवास त्याआधी आटपला.

४३ मिनिटं म्हणजे शाळेतला जेमतेम एक तास. पण आमच्या घरात इतका वेळ सलग चालणारी एकच गोष्ट आहे, नळाचं पाणी, आणि तेही चार-पाच दिवसांतून एकदा.

पहिला प्रयत्न रविवारी दुपारी केला. बाहेर ४३ अंश, आत ४३ मिनिटं, असा योगही जुळून आला होता. आई आडवी झालेली, बायको शेंगाचटणी कुटून नुकती टेकलेली. मी छोटा ब्लूटूथ स्पीकर टेबलावर ठेवून डोळे मिटले. अल्बम सुरू होतो हृदयाच्या ठोक्यांनी. मी आधी स्वतःची नाडी बघितली. पन्नाशी ओलांडल्यावर असले ठोके कानावर आले तर कलेचा विचार जरा उशिरा सुचतो. तेवढ्यात बायको, "अहो, मोटर कुणी लावली?" मोटर नाही, रॉक आहे, असं सांगून परत डोळे मिटले. सात-आठ मिनिटांनी 'टाइम' आलं. या गाण्याच्या तोंडाशी घड्याळं आहेत. अॅलन पार्सन्स नावाच्या ध्वनिमुद्रकानं जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेकाचा आवाज टिपला होता. ती सगळी एकदम वाजतात. टोले, गजर, घंटा.

ही माहिती मला मागाहून मिळाली. त्या दुपारी घरात गजराचा अर्थ एकच होता. आई ताडकन उठून बसली. "आलं का पाणी?" बायकोनं नळ सोडला, पोरानं पाइप टाकीत टाकला, बादल्यांची रांग लागली, गॅलरीतून शेजारी निरोप गेला, शेजारणीनं तो वर पोचवला. नळातून फुस्स करून हवा आली. पाण्याचा वार उद्या आहे हे कुणाच्या तरी लक्षात येईस्तोवर इमारतीत तीन मोटरी कोरड्या फिरून गेल्या होत्या आणि माझ्याबद्दल एक सामुदायिक मत तयार झालं होतं.

दुसऱ्या वेळी मी शहाणा झालो होतो. घड्याळांची वेळ आली तशी सोलापुरी चादर चौघडी करून स्पीकरवर टाकली. काय सांगू, घड्याळं पार गाडली गेली. या चादरीचा हा गुण आजवर कुठल्याच दुकानदारानं मला सांगितला नव्हता. खुशीत मी चादर काढली आणि पुढचं गाणं सुरू झालं.

या गाण्यात शब्द नाहीत. विषय मरणाचा, आणि क्लेअर टॉरी नावाची गायिका नुसत्या आवाजानं आक्रोश करते. चढत जाते, कोसळते, पुन्हा उठते. अंगावर काटा येतो. माझ्या अंगावर तो येतोय तोच दार वाजलं. शेजारच्या काकू, मागं त्यांची सून, तिच्या मागं खालच्या मजल्यावरचे दोघं. काकूंच्या डोळ्याला पदर. आत आई भिंतीकडं तोंड करून निजलेली, डोक्यावरून पांढरं पातळ ओढलेलं, पंख्याखाली ती तशीच निजते. काकू उंबऱ्यातच खाली बसल्या. "कधी झालं हो?"

पुढचं सगळं सांगत नाही. आई उठून बसल्यावर खालच्या मजल्यावरचा एक जण जिन्यापर्यंत पळाला एवढंच सांगतो. नंतर सगळ्यांना सरबत द्यावं लागलं. वातावरण हलकं करावं म्हणून मी सांगितलं, या बाईला त्या गाण्याचे ३० पौंड मिळाले होते, तेही रविवार होता म्हणून दुप्पट दरानं. पुढं तिनं दावा लावला आणि २००५ मध्ये तडजोड होऊन संगीतकार म्हणून तिचं नाव लागलं. काकू सरबताचा पेला खाली ठेवत म्हणाल्या, "तीस पौंडात एवढं रडली? आमच्यात जाऊबाईंनी फुकटसुद्धा नाही रडलं."

तिसऱ्या खेपेला गच्चीवर गेलो, रात्री. तिथं अण्णा. अण्णा भजनी मंडळात पखवाज वाजवतात. 'मनी' सुरू झालं. गल्ला उघडतो, नाणी पडतात, कागद फाटतो, हेच आवाज तालात फिरत राहतात. अण्णांचा हात आपोआप मांडीवर. ती ती ना, धी ना, धी ना. "रूपक आहे की ओ सर! साताचा!" खरंच, गाणं सात मात्रांचं आहे, आणि गोरे लोक बघता बघता अण्णांचे पावणे झाले. पण गिटार सुरू झाली आणि ताल चारावर आला. अण्णांचा चेहरा पडला. "पळाले! गिटारवाल्याला साताची साडेसाती झेपंना म्हणून केरव्यावर आले." मग खरा रूपक कसा धरतात ते त्यांनी पाण्याच्या टाकीवर वाजवून दाखवलं. साडेअकरापर्यंत. टाकी रिकामीच होती, घुमली छान.

हे सगळं आई बघत होती. तिचं मत असं की गाणारा दिसत नाही तोवर त्याला गाणं म्हणू नये. ती संगीत नाटकांवर पोसलेली. भाचीला हेच पाहिजे होतं. तिनं टीव्हीवर 'द फँटम ऑफ द ऑपेरा' लावलं, लंडनच्या अल्बर्ट हॉलमधला २०११ चा प्रयोग. नाटकघराच्या तळघरात राहणारा, अर्धा चेहरा मुखवट्यानं झाकणारा संगीतवेडा.

"अर्धाच का झाकलाय?" आई म्हणाली. "ऊन काय एका बाजूनं लागतं होय?"

पहिलं मोठं गाणं संपलं आणि आईनं खणखणीत आवाजात पुकारलं, "वन्स मोअर!" भाची हसली. आई हसली नाही. तिनं रिमोटकडं बोट दाखवलं. मागं घ्यावं लागलं. मग पुढच्या गाण्यालाही. एका गाण्याला तीनदा. तिच्या दृष्टीनं गाणं आवडलं आणि परत मागितलं नाही, तर तो नटाचा अपमान. रात्री नऊला लावलेल्या नाटकात झुंबराच्या ठिणग्या उडायला पावणेबारा वाजले. भाचीनं पेंगत पेंगत माहिती दिली की न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर हे नाटक १९८८ च्या जानेवारीत लागलं ते २०२३ च्या एप्रिलपर्यंत चाललं, १३,९८१ प्रयोग झाले, आणि तिथं तर झुंबर खाली कोसळायचं.

"आणि दर प्रयोगाला झुंबर पडायचं?"

"हो आजी."

"तेरा हजार वेळा? मग मालकाला एक नवीन हूक घालायला काय झालं होतं?"

दुसऱ्या दिवशी 'हॅमिल्टन' लावलं. अमेरिकेच्या दहा डॉलरच्या नोटेवरचा माणूस, लिन-मॅन्युएल मिरांडाचं २०१५ चं नाटक, बरंचसं रॅपमध्ये. दोन मिनिटं ऐकून आईनं विचारलं, "याची सिद्धेश्वर सुटायलीय का?" आमच्याकडं मुंबईच्या गाडीला सिद्धेश्वर म्हणतात, आणि घाईत असलेला माणूस तीच गाठायला निघालेला असतो. पण मंत्रिमंडळात दोघं समोरासमोर येऊन सवाल-जवाब करायला लागले तशी ती पुढं सरकली. "हे आहे की आपल्यातलं." बायकोही पोळ्या टाकून बघायला आली.

मला मात्र चेव आला. मी भाचीला म्हणालो, आम्हाला रॉक आणि नाटक शिकवू नकोस. जब्बार पटेलांची शाळा सोलापूरची. बर्लिनमधलं १९२८ चं ब्रेख्त आणि कुर्ट वाइलचं संगीतक पुलंनी मराठीत आणलं, 'तीन पैशाचा तमाशा' म्हणून पटेलांनी ते बसवलं आणि त्यात नंदू भेंडे गायले, तेच, जे मुंबईत 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' या रॉक संगीतकात जुडास झाले होते. भाची म्हणाली, "भारी. 'सुपरस्टार'चा तर आधी १९७० ला अल्बम निघाला आणि मग १९७१ ला ते रंगमंचावर आलं. तू अल्बम पूर्ण केलास का?"

पोरगी सोडायला तयार नाही. जायला तिला दोन दिवस राहिले होते.

तेव्हा मला चादर आठवली. एक चादर घड्याळं गाडते, तर हजार चादरी काय करतील! वर्गमित्राचं अक्कलकोट रोडला एमआयडीसीत चादरींचं गोदाम आहे. त्याला फोन केला. "गाणं ऐकायला गोदाम? बरं आहेस ना बे?" किल्ली दिली मात्र. जमिनीपासून पत्र्यापर्यंत गठ्ठे, मध्ये एक माणूस जाईल एवढी बोळ. मी गठ्ठ्यावर बसून बोललो तर माझाच आवाज मला ऐकू येईना. घामाच्या धारा, नाकात सुताची धूळ. स्पीकर लावला.

ठोके. घड्याळं वाजली, कुणी उठलं नाही. बाई रडल्या, दार वाजलं नाही. सात मात्रा आल्या, चार आल्या, परत सात आल्या. त्यापुढचं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. शेवटी पुन्हा तेच ठोके, बारीक बारीक होत जाणारे. ते संपेचनात. पाच मिनिटं मी डोळे मिटून वाहवा करत बसलो. मग फोन बघितला तर अल्बम कधीच संपला होता. शेजारच्या कारखान्यात माग सुरू होते.

घरी आलो तो केसांत, भुवयांत पांढरं सूत घेऊन. बायकोनं आधी मला अंगणात झटकलं. भाची बॅग भरत होती, तिनं अंगठा दाखवला. आई मात्र नीट चौकशी करत होती.

"सबंध ऐकलंस?"

"सबंध."

"मध्ये कुणी आलं नाही?"

"कुणी नाही."

"आवडलं?"

"खूपच."

आईनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग एकदाच ऐकून उठून आलास कसा?"