‘कलारसिक’ यांना उत्तर: बेंटनचे ‘रबरी बाहुले’ आणि बाकीचं

स. न. वि. वि.

थॉमस हार्ट बेंटन या अमेरिकेतल्या मिझुरी राज्याच्या चित्रकारावरचा माझा मागचा लेख वाचून ‘कलारसिक’ नावाच्या वाचकांनी एक दणदणीत प्रतिक्रिया दिली आहे. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी सारांश देते. बेंटन दुय्यम दर्जाचा. त्याची माणसं म्हणजे ‘पिळून वाळत घातलेले रबरी बाहुले, कारण त्याला धड चित्र काढता येत नव्हतं’. पुढे जगप्रसिद्ध झालेला अमूर्त चित्रकार जॅक्सन पोलॉक त्याचा विद्यार्थी होता म्हणून बेंटनचं नाव उरलं. इंडियाना राज्याच्या भित्तिचित्रात त्याने क्लॅनवाल्यांना (कू क्लक्स क्लॅन, काळ्यांवर दहशत बसवणारी गोऱ्यांची संघटना) जागा दिली, काळ्या माणसांची व्यंगचित्रं केली, समलिंगी लोकांबद्दल वाट्टेल ते बोलला. आणि ‘लेखिकाबाईंनी हे सगळं सोयीस्कर गाळलं, कारण पर्यटकाला भिंत दिसते, इतिहास दिसत नाही’.

‘लेखिकाबाई’ हे संबोधन आपण प्रेमाने वापरलं असावं असं मी धरून चालते. मतभेदाला माझी ना नाही. इथे अनेकदा लोकांनी मला खोडून काढलंय आणि मी ते तसंच ठेवलंय. पण टीका करायची एक रीत असते. समोरच्याने काही वाचलंच नसणार हे आधी ठरवायचं आणि मग लिहायला बसायचं, याला समीक्षा म्हणत नाहीत.

एक गोष्ट आधीच मान्य करून टाकते. बेंटनची न्यूयॉर्कमधली वीसेक वर्षं मी दोन परिच्छेदांत उरकली. तिथल्या न्यू स्कूल या शिक्षणसंस्थेच्या भिंतींसाठी १९३०-३१ मध्ये केलेलं ‘अमेरिका टुडे’ आणखी जागा मागत होतं. त्या कामाचं मानधन त्याने घेतलं नाही, फक्त रंग कालवायला लागणाऱ्या अंड्यांचा खर्च घेतला. हे लेखात असायला हवं होतं. झालं?

आता ‘धड चित्र काढता येत नव्हतं’.

अहो, हा माणूस शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये शिकला, १९०८ साली पॅरिसला गेला, तिथे तीन वर्षं काढली. त्याच्याही आधी, सतरा वर्षांचा असताना, जॉप्लिन गावच्या वर्तमानपत्रात व्यंगचित्रं काढून पोट भरत होता. माणूस कुठे वाकवला की तो काय करतोय ते लांबून कळतं, हे त्याच्या हाताला तेव्हापासून ठाऊक होतं. ज्याला तुम्ही पिळणं म्हणता ते त्याने ठरवून केलंय आणि ते करायला त्याला भरपूर कष्ट पडत. भित्तिचित्राला हात घालण्याआधी तो सगळा देखावा मातीत घडवायचा. छोटी छोटी माणसं, घोडे, आगगाड्या एकामागे एक उभ्या करून त्यावर एका बाजूने उजेड सोडायचा आणि सावल्या कुठून कुठे धावतात ते बघायचा. ही युक्ती त्याने टिंटोरेटो या जुन्या इटालियन चित्रकाराकडून उचलली, तो मेणाचे पुतळे करून असंच करायचा. मग रेखाटनं, मग रंगीत आराखडा, मग चौकोन पाडून भिंतीएवढं मोठं करणं. मिझुरीच्या विधानभवनातल्या भित्तिचित्रासाठी तर तो आधी राज्यभर हिंडला आणि खऱ्या शेतकऱ्यांची, दुकानदारांची, वकिलांची रेखाटनं करून आला. चित्र काढता न येणारा माणूस इतका खटाटोप कशाला करेल?

आणि हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. माझे वडील इचलकरंजीत पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, निवडणुकीच्या भिंती, जत्रेच्या कमानी. दोऱ्याला गेरू फासून भिंतीवर रेघा मारायच्या, की चौकोन तयार. दोऱ्याचं एक टोक धरायला मी असायचे. दुमजली इमारतीवर पाटी असली की ते अक्षरं मुद्दाम उंच आणि हडकुळी काढायचे. शिडीवरून बघितलं तर ती हास्यास्पद दिसायची. खाली उतरून रस्त्यापलीकडे चहाच्या गाड्यापाशी उभं राहिलं की बरोबर. त्या अक्षरांना ‘वाकडी’ म्हणणारी गिऱ्हाईकं तेव्हाही होती, आणि तीसुद्धा शिडीवर चढूनच म्हणायची. मोबाइलच्या पडद्यावर दोन बोटांनी मोठं करून बेंटनचा एक दंड तपासणाऱ्याला काय दिसणार, हे मला तिथून कळतं. त्यासाठी कलेची पदवी लागत नाही. (माझ्याकडे नाही. तुमच्याकडे असेल तर अभिनंदन.)

मिझुरीची राजधानी जेफरसन सिटी, तिथल्या विधानभवनात तिसऱ्या मजल्यावर ‘हाउस लाउंज’ नावाचं दालन आहे. त्याच्या भिंतींवर बेंटनने १९३६ मध्ये मिझुरीचा सामाजिक इतिहास रंगवला, सोळा हजार डॉलर घेऊन. मधोमध उभं राहिलं की चित्र चारी बाजूंनी अंगावर येतं. तुमची ती पिळवटलेली माणसं एकमेकांना ढकलत नजर पुढच्या प्रसंगावर नेतात. ताठ, शरीरशास्त्राच्या तक्त्यातली माणसं तिथे लावली असती तर दालनाचं प्रतीक्षागृह झालं असतं. राजकीय सभेचा प्रसंग बघा. मंचावर पुढारी हातवारे करून बोलतोय आणि तिथेच एक बाई पोराचं ढुंगण पुसतेय. आमदारांना याचाही राग आला होता. चित्रावर चुना फासा म्हणणारे तेव्हाही निघाले.

यापुढे ‘इतिहास दिसत नाही’ हे वाक्य मला समजतच नाही. त्या भिंतींवर गुलामाच्या पाठीवर चाबूक ओढला जातोय. आदिवासींना दारू पाजून कातडी लुबाडणारा व्यापारी आहे. मॉर्मन पंथाच्या लोकांना हाकलून लावलं जातंय. दारांच्या वर कोण, तर जेसी जेम्स दरोडेखोर, लोकगीतातली प्रियकराला गोळी घालणारी फ्रँकी, आणि मार्क ट्वेनच्या कादंबरीतले हक आणि जिम. कॅन्सस सिटीचा राजकीय दादा टॉम पेंडरगास्ट खुर्चीत बसलाय, आणि तो भिंतीवर आला तेव्हा सगळं शहर त्याच्या मुठीत होतं. कर बुडवल्याबद्दल तो तुरुंगात गेला १९३९ मध्ये. राज्याच्या पैशाने राज्याच्याच भिंतीवर हे करायला छाती लागते.

क्लॅनचं म्हणाल तर थोडक्यात. १९३३ च्या शिकागो प्रदर्शनासाठी इंडियानाने जे भित्तिचित्र करवून घेतलं, त्याच्या एका फलकात जळता क्रूस आणि पांढरे झगे आहेत, पण मागे, लहान. पुढे वर्तमानपत्रवाले आहेत, कारण क्लॅनला उघडं पाडल्याबद्दल इंडियानापोलिसच्या ‘टाइम्स’ला १९२८ चं पुलित्झर मिळालं होतं. शेजारी परिचारिका काळ्या-गोऱ्या मुलांची शुश्रूषा करतेय. हा गौरव वाटत असेल तर माझ्याकडे औषध नाही. तो फलक आता ब्लूमिंग्टनच्या इंडियाना विद्यापीठातल्या एका वर्गखोलीत आहे आणि विद्यापीठाने २०१७ मध्ये त्या खोलीतले वर्ग बंद केले, हे मला माहीत आहे. रोज त्याच्यासमोर बसून परीक्षा द्यायला लागणाऱ्या मुलांची तक्रार मी समजू शकते. तो वेगळा विषय आहे.

पोलॉकबद्दल फक्त तारखा जुळवून बघा. ‘टाइम’ साप्ताहिकाने बेंटनला मुखपृष्ठावर घेतलं २४ डिसेंबर १९३४ च्या अंकात. पोलॉक तेव्हा बावीस वर्षांचा होता आणि त्याला कुत्रं विचारत नव्हतं.

राहिलं त्याचं बोलणं. १९४१ मध्ये संग्रहालयं चालवणाऱ्या समलिंगी पुरुषांबद्दल तो वार्ताहरांपुढे घाणेरडं बोलला आणि तो जिथे शिकवत होता त्या कॅन्सस सिटीच्या आर्ट इन्स्टिट्यूटने त्याला काढलं. बोलला. त्याचं समर्थन मी केलेलं नाही, करतही नाही, पण लेख चित्रांवर होता. काळ्या माणसांच्या चेहऱ्यांचा मुद्दा मोठा आहे, दोन ओळींत उरकण्यासारखा नाही, म्हणून इथे त्यात शिरत नाही. शिवाय बेंटनने गोऱ्यांनाही काही सुंदर काढलेलं नाही.

आणि ‘पर्यटक’. हा शब्द मला लागला, लपवत नाही. लग्न होऊन कॅन्सस सिटीला आले तेव्हा इथे मला ना रस्ते माहीत होते ना माणसं. बेलव्ह्यू रस्त्यावरचं बेंटनचं घर म्हणजे आता स्मारक आहे. मागच्या गाडीखान्यात त्याचा स्टुडिओ, कॉफीच्या डब्यांत खोचलेले ब्रश. तिथेच १९ जानेवारी १९७५ रोजी तो गेला. नॅशव्हिलच्या संगीत संग्रहालयासाठी केलेल्या भित्तिचित्रावर त्याची सही राहून गेली ती कायमची. वडील मला भेटायला आले तेव्हा इथली एवढी एकच जागा त्यांना पुन्हा बघायची होती. ब्रशचे केस बघून त्यांनी कुठला ब्रश कशाला वापरला असेल ते सांगितलं. तुमच्या मते हे पर्यटन असेल तर असो बापडं.

पुढचा लेख इंडिपेंडन्स गावातल्या, राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या नावाच्या ग्रंथालयातल्या बेंटनच्या भित्तिचित्रावर आहे. ट्रूमनने स्वतः मचाणावर चढून त्यातल्या आकाशाला थोडा निळा रंग लावला होता. त्यावरही तुमचं काही म्हणणं असेलच. या वेळी स्वतःच्या नावाने लिहा, म्हणजे मलाही ‘कलारसिकबुवा’ म्हणायचा मोह आवरावा लागणार नाही.