ओढा गेला कुठे?

अर्धा तास पाऊस झाला की आमच्या सोसायटीच्या गेटवर गुडघाभर तळं! नकाशात पावसाचं पाणी वाहून नेणारी लाइन ठळक निळी. परवा वॉचमनकाकांनी सळईने चेंबरचं झाकण उचकटलं, तर आत सिमेंटच्या गोण्या, थर्माकोल आणि पुढे पाइपच नाही. भिंत! बिल्डरचं पालुपद एकच, ‘बाहेरची लाइन आली की जोडू.’ पाच पावसाळे झाले. मागचा ओढा बुजवून तिथे क्लबहाऊस उठवलंय. पाणी काय त्याला विचारून वाट बदलणार? २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने पूर आणून अख्ख्या पुण्याला दाखवलं ना! तरी शेजारच्या नव्या स्कीमचा फ्लेक्स काय म्हणतो? ‘ओढ्याकाठचं निसर्गरम्य घर’. आणि हो, दर जूनला पंपाची वर्गणी आमच्याच खिशातून. यंदाची पावती कालच फाडली.