ते भुंगे जिवंत नव्हते हो, कृपा करून तो व्हिडिओ पुढे पाठवू नका

माझा भाचा पाचवीत आहे, चिपळूणला असतो. मागच्या आठवड्यात ताईचा फोन आला की याने पोह्यांच्या जुन्या डब्यात दोन गेंड्या भुंगे ठेवलेत, वरून अभ्यासाचा टेबल लॅम्प लावलाय आणि साखरेचं पाणी घालून त्यांना "ट्रेनिंग" देतोय. पावसाळ्यात हे भुंगे दिव्यावर येतातच, पकडायला काही अवघड नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही उताणे पडलेले. पोरगं रडून रडून हैराण, कारण त्याला वाटलं त्याचंच काहीतरी चुकलं, साखर कमी पडली असेल. आणि हे डोक्यात आलं कुठून, तर आमच्याच फॅमिली ग्रुपवर फिरणाऱ्या एका व्हिडिओतून, जो मी स्वतः दोनदा बघितला होता आणि "जाऊदे" म्हणून सोडला होता. त्याचा आता मलाच राग येतोय.

व्हिडिओ तुमच्याकडेही आला असेल. काळा-पांढरा, त्यात सुटाबुटातल्या माणसासारखा वागणारा भुंगा आहे, कॅमेरा घेऊन सायकलवर फिरणारा नाकतोडा आहे, शेवटी किड्यांना जादूने भेटी देणारा ख्रिसमसबाबा. खाली मजकूर असा की १९१२ साली एका रशियन शास्त्रज्ञाने जिवंत किड्यांना प्रकाश आणि साखरेने शिकवून जगातलं पहिलं कार्टून बनवलं, ही विद्या त्याच्याबरोबरच संपली, आजच्या सायन्सलाही हे जमत नाही, आणि भारतात तेव्हा असल्या गोष्टींची कोणाला कल्पनाही नव्हती.

पहिल्यांदा ते ट्रेनिंगचंच घेतो, कारण त्यापायी दोन जीव गेलेत. हे काम ज्याचं आहे त्याचं नाव व्लादिस्लाव स्टारेविच. व्हिडिओत एवढा मजकूर लिहिला पण नाव लिहायची तसदी घेतलेली नाही. जन्म मॉस्कोचा, घरचे पोलिश, आणि तो कोव्हनो म्हणजे आजच्या लिथुआनियातल्या कौनासच्या निसर्ग संग्रहालयाचा प्रमुख होता. किड्यांचा नाद होता. त्याला शिंगवाल्या नर भुंग्यांची झुंज कॅमेऱ्यात पकडायची होती, खरीखुरी, माहितीपट म्हणून. आता हे भुंगे रात्री हिंडणारे, आणि तेव्हाच्या कॅमेऱ्याला लख्ख दिवे लागायचे. दिवे लावले की भुंगे निपचित पडायचे, झुंज तर सोडाच पण हलायचेसुद्धा नाहीत. म्हणजे बघा, जिवंत भुंगा दिव्याखाली काम करत नाही हे त्याला पहिल्याच प्रयोगात कळलं होतं, आणि त्याचे सिनेमे सुरू झाले तेच मुळी या अपयशातून. माझ्या भाच्याला जे डब्यात दिसलं तेच त्यालाही दिसलं होतं, फरक एवढाच की त्याला कोणी खोटं सांगून फसवलं नव्हतं.

मग त्याने मेलेले भुंगे घेतले. पाय काढले, त्या जागी बारीक तारा बसवल्या आणि त्या लाखेने, हो तीच आपली टपालाच्या सीलला लावतात ती लाख, अंगाला चिकटवल्या. झाली बाहुली तयार. मग पाय जरासा वाकवायचा, एक फ्रेम घ्यायची, परत जरासा वाकवायचा, परत एक फ्रेम. यालाच आज स्टॉप मोशन म्हणतात.

ज्या सिनेमातले तुकडे कापून हा व्हिडिओ केलाय तो १९१२ चा, मॉस्कोच्या खान्झोन्कोव्ह कंपनीचा, मराठीत म्हणायचं तर "कॅमेरामनचा सूड". नेटवर फुकट आहे, साधारण १२ मिनिटांचा. मी कोणाच्या लेखावर विसंबून बोलत नाहीये, तो सिनेमा स्वतः बघा, माझा सगळा भरवसा त्याच्यावरच आहे. भुंगेराव बायकोला चुकवून चतुर नावाच्या नाचणारीकडे जातात (म्हणजे चतुर हा किडाच, आपण लहानपणी शेपटीला दोरा बांधायचो तो), तिच्यावर नाकतोड्याचाही जीव असतो, नाकतोडा निघतो कॅमेरामन, तो हॉटेलच्या दाराच्या कुलपाच्या भोकातून सगळं शूट करतो. इकडे बायकोकडे चित्रकार आलेला, नवरा परतल्यावर तो धुराड्यात लपतो. पुढे नवरा-बायको थिएटरात जातात तर पडद्यावर भुंगेरावांचीच भानगड चालू! हाणामारी, प्रोजेक्टरला आग, शेवटी दोघंही तुरुंगात. आता मला सांगा, कुठल्या किड्याला कुठल्या साखरेवर कुलपाच्या भोकाला कॅमेरा लावायला शिकवता येईल? कॅमेऱ्याची तिपाई तो स्वतः मांडतो. सायकल चालवतो. आणि नीट लक्ष देऊन बघितलं तर हालचालीत तो बारीकसा झटका दिसतोच, जो फ्रेमगणिक केलेल्या कामात येतो आणि जिवंत किड्याच्या चालण्यात येत नाही.

हिशोब करा ना. मूकपटाचा वेग सेकंदाला साधारण १६ फ्रेम धरला तर १२ मिनिटांच्या ११ हजारांहून जास्त फ्रेम होतात. पाट्या आणि स्थिर जागा वजा केल्या तरी हजारो वेळा त्या माणसाने बोटाएवढ्या किड्याचा तारेचा पाय हलवलाय. एवढं सगळं त्या माणसाचं काम, आणि आपण त्याचं श्रेय साखरेच्या पाण्याला देऊन मोकळे.

एक गोष्ट मान्य करावी लागेल, मनाविरुद्ध का होईना. ही ट्रेनिंगची थाप आजची नाही. तेव्हा लंडनच्या पेपरवाल्यांनाही खरंच वाटलं होतं की कुणा रशियन शास्त्रज्ञाने किडे शिकवून तयार केलेत. पण त्यांनी आयुष्यात स्टॉप मोशन फारसं पाहिलेलं नव्हतं, आपल्या हातात फोन आहे, आपल्याला ती सवलत नाही. आणि हो, मधमाशीला साखरेच्या पाण्यावर रंग ओळखायला शिकवता येतं, तेही खरं आहे, कार्ल फॉन फ्रिशचं त्यावरचं काम प्रसिद्ध आहे. पण निळ्या कागदावर येऊन बसणं वेगळं आणि बायकोला फसवून हॉटेलात जाणं वेगळं. ग्रुपवर एका काकांनी पिसवांच्या सर्कशीचा दाखला दिला, तर काका, तिथेही पिसवांना बारीक तारेने बांधून ठेवायचे, त्या सुटायची धडपड करायच्या आणि लोकांना वाटायचं खेळ करतायत.

जगातलं पहिलं कार्टून, हे तर सरळ चूक. एमिल कोलचं फ्रान्समधलं "फँटास्मागोरी" १९०८ चं आहे, त्याआधी १९०६ ला अमेरिकेत ब्लॅकटनने फळ्यावरचे चेहरे हलवले होते. विषय संपला.

विद्या त्याच्याबरोबर संपली म्हणे. अहो क्रांतीनंतर तो फ्रान्सला गेला, १९६५ ला वारला, तोपर्यंत हेच करत होता, मुलगी इरेन बरोबरीने काम करायची. कोल्ह्याच्या लबाडीवर अख्खा मोठा सिनेमा केला त्यांनी. तो जादूचा ख्रिसमसबाबासुद्धा याच सिनेमातला नाही, तो १९१३ च्या वेगळ्या छोट्या फिल्ममधला, झाडावरचं खेळणं जिवंत होऊन जंगलातल्या किड्यांना आणि बेडकाला जागं करतं अशी गोष्ट आहे. फार गोड आहे, मुलांना जरूर दाखवा, फक्त खरं काय ते सांगून दाखवा.

आणि भारतात कोणाला कल्पना नव्हती, हे वाचून मात्र मी उठून बसलो. स्टारेविचला बाहुल्या हलवायची कल्पना सुचली ती कोलच्या १९०८ च्या आगकाड्यांच्या फिल्मवरून. आणि आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१५ ला काय केलं? "आगकाड्यांची मौज"! काड्या एकेक फ्रेमने हलवून. त्याच्याही आधी, १९१२ मध्येच, सावकारांना पटवायला त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम टिपून दाखवली होती, म्हणजे तिकडे भुंगेराव सायकल चालवत होते त्याच वर्षी इकडे मुंबईत वाटाणा पडद्यावर उगवत होता. १९३४ ला प्रभातने कोल्ह्याचं "जंबूकाका" हे कार्टून केलं. मराठी ग्रुपवर मराठी माणसं "आपल्याकडे काही नव्हतं" असं पुढे ढकलतात आणि वर अंगठा दाखवतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

ताईचे सासरे म्हणाले गेंड्या भुंगा माडाचा शत्रू आहे, मेला तर मेला. बागायतदार म्हणून त्यांचं बरोबर आहे, माडाचा शेंडा पोखरतो तो. पण रात्रभर दिव्याखाली डब्यात भाजून मारायचं काही कारण नाही, आणि उद्या दुसरं एखादं पोर फुलपाखरू ठेवेल, सोनकिडा ठेवेल.

रविवारी मी चिपळूणला गेलो. भाच्याला घेऊन बसलो, फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवला आणि आगकाड्या मांडल्या. सेकंदाला १२ फोटो धरून ४ सेकंदांना ४८ फोटो, दीड तास लागला, मध्ये दोनदा पंख्याने काड्या उडाल्या. काडी पेटीतून निघते, चालते आणि परत पेटीत जाऊन बसते, एवढंच आहे. त्याने ते वीस वेळा तरी बघितलं. मग विचारलं, मामा, खिडकीत मेलेला चतुर सापडला तर तो घेतलेला चालेल का. मी म्हटलं चालेल, स्टारेविचनेही मेलेलेच घेतले होते.