रेझिस्टर लावून बॅटरी पार झिरो करू नका

एक मेसेज सगळीकडे फिरतोय की रिचार्जेबल बॅटरी चार्ज करायच्या आधी दर वेळी रेझिस्टर (करंट अडवून वीज उष्णतेत घालवणारा छोटा भाग) लावून पार झिरो व्होल्टपर्यंत उतरवायची म्हणजे तिची 'मेमरी' पुसली जाते, रेझिस्टर कुठलाही चालतो, रात्री लावा सकाळी काढा. कृपया असं करू नका.

मेमरी म्हणजे अर्धवट उतरवून पुन्हापुन्हा चार्ज केल्यावर बॅटरी तेवढ्यावरच अडकते आणि लवकर संपल्यासारखी वागते, ती मुख्यतः जुन्या निकेल कॅडमियमची भानगड, निकेल मेटल हायड्राइडमध्ये अगदी कमी, आणि लिथियम आयन तर दर वेळी पूर्ण उतरवली की उलट लवकर म्हातारी होते.

आता झिरोचं. निकेलचा सेल लोडवर, म्हणजे रेझिस्टर लावलेला असताना, १ व्होल्टला आला की थांबायचं, लिथियमचा साधारण ३ ला. लिथियम २ व्होल्टच्याही खाली गेली की आतलं तांबं विरघळायला लागतं आणि पुढे चार्ज करताना ते नको तिथे साचून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो, म्हणजे थेट आगीची भीती. चार सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेले, असतील तर जो आधी संपतो त्याच्यातून बाकीचे तीन करंट ढकलतच राहतात आणि तो उलटा चार्ज होतो, म्हणून निकेलचे सेल पॅकमधून काढून एकेक करूनच उतरवा.

'कुठलाही रेझिस्टर' हे तर साफ चूक. फुल लिथियम सेल ४.२ व्होल्ट, त्याला १० ओहम लावला की ०.४२ अँपिअर, म्हणजे जवळजवळ पावणेदोन वॅट उष्णता, आणि किटमधला तो बारका रेझिस्टर असतो पाव वॅटचा, सातपट लोड झाला! मी केलंय हे, बघता बघता रंगाचे पट्टे काळे पडले, जळका वास सुटला आणि काढायला गेलो तर बोटाला फोड आला. सेल उतरवायचाच असेल तर ५ वॅटचा पांढरा सिमेंटचा घ्या, तोही तापतो, प्लास्टिकवर ठेवू नका. २००० एमएएचच्या निकेल सेलला ३ ओहम २ वॅट पुरतो, पाचेक तास लागतात.

आणि रात्रभर अजिबात नाही, रेझिस्टरला कुठे थांबायचं ते कळत नाही. व्होल्टेज बराच वेळ जागचं हलत नाही आणि शेवटी धाडकन पडतं, म्हणून मल्टिमीटर लावून जवळच बसा, आणि रेझिस्टर लावलेला असतानाच मोजा, काढला की आकडा परत वर चढतो आणि वाटतं अजून चार्ज शिल्लक आहे. सेल फुगलेला असेल तर मात्र रेझिस्टरही नको न् चार्जरही नको, तो तसाच ई-कचऱ्यात द्या.