खानदानी व्हायचंय? ही घ्या कृती

परवा फ्लॉरेन्समध्ये आमच्या टूरच्या गाईडने भर उन्हात तिथल्या जुन्या घराण्यांची अशी काही आरती ओवाळली, की ग्रुपमधली मंडळी 'वा, काय खानदानी लोक!' म्हणत माना डोलवायला लागली. तुम्हालाही तसंच थोर व्हायचं असेल, तर लिहून घ्या.

आधी मनोरा बांधा. वरून शेजाऱ्याच्या डोक्यात दगड घालता येतो. 1250 मध्ये व्यापारी-कारागिरांचं सरकार आलं आणि त्याने सगळे मनोरे सुमारे 29 मीटरवर छाटायला लावले. असतात हो असे मत्सरी लोक.

ठरलेलं लग्न मोडा. बुओन्देलमोन्तेने अमिदेईंची मुलगी सोडून दोनातींची केली. 1216 च्या ईस्टरला, पोन्ते वेक्कियो पुलापाशी, अमिदेईंच्या सोयऱ्याधायऱ्यांनी त्याला घोड्यावरून ओढून कापला. ग्वेल्फ (पोपच्या बाजूचे) आणि गिबेलिन (सम्राटाच्या बाजूचे) हे गावातले तट तिथूनच पडले, असं जुने बखरकार सांगतात.

शत्रू संपले तर घरातच नवे काढा. गिबेलिनांना हाकलल्यावर ग्वेल्फांनी तेच केलं. चेर्की झाले पांढरे, दोनाती काळे. 1300 च्या मे महिन्यात बायकांचा नाच बघायला जमलेल्या गर्दीत दोन्हीकडची पोरं भिडली आणि एका चेर्कीचं नाक उडालं. झालं! पुढच्याच वर्षी फ्रेंच राजपुत्राच्या आडून काळ्यांचा म्होरक्या कोर्सो दोनाती गावात घुसला, तुरुंग फोडले, दिवसच्या दिवस लूट चालली. कवी दान्ते पांढऱ्यांतला. 1302 मध्ये त्याला आधी दंड, मग 'सापडलास तर जिवंत जाळू'. बिचारा परमुलखात, राव्हेन्नात मेला. ही शिक्षा मागे घ्यायला फ्लॉरेन्सच्या नगरपालिकेला 2008 साल उजाडलं. 2008! आणि भाऊबंदकी म्हणावी तर ही: 1304 मध्ये नेरी अबाती नावाच्या पाद्र्याने काळ्यांसाठी पहिली आग लावली ती स्वतःच्याच भाऊबंदांच्या घरांना. 1700 च्या वर इमारती गेल्या.

आग लावताना वारा बघावा.

अहो, कसले खानदानी? गुंड होते ते! गिबेलिनांतल्या उबेर्ती घराण्याची घरं पाडल्यावर तिथे पुन्हा वीटसुद्धा चढू नये म्हणून गावाने जागा मोकळी ठेवली, तिचा चौक केला. त्याच चौकात उभं राहून तुम्ही माना डोलवत होतात. 1304 च्या त्या आगीत कालिमाला गल्लीतल्या कापडवाल्यांचा माल जळाला, वाचला तो हलवता हलवता चोरांनी नेला. त्यातल्या एकाचं तरी नाव विचारलंत गाईडला? नाही ना? मग त्या कोर्सोचं कसलं कौतुक सांगता!