बरबरी शेळीवरच्या एक स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला आणि खरंच झोप लागली नाही. एक स्टारचं काही नाही, पण "फसवणूक" हा शब्द लागला, म्हणून इथंच सगळ्यांसमोर लिहिते.

तुमचं म्हणणं असं की एप्रिलच्या शेवटी आमच्याकडून बरबरी शेळी नेली, आम्ही रोजचं १ लिटर सांगितलं होतं, घरी पाव लिटरच्या वर जात नाही, रात्रभर ओरडते, दुधाला वास येतो आणि फोन केला तर कोणी उचलत नाही.

फोनचं पहिले. तीन दिवस तुमचे कॉल आले आणि मी परत केले नाहीत, त्या आठवड्यात गोठ्यात शेळ्या व्यायला होत्या पण ते तुमच्या कामाचं नाही, जनावर विकलं की फोन उचलायलाच पाहिजे. माफ करा.

दुसरी चूक याहून मोठी आहे. तुम्ही म्हणाल्या जागा कमी आहे, एकच द्या, आणि मी दिली. द्यायलाच नको होती. शेळी कळपातलं जनावर, दुसरी शेळी डोळ्यासमोर नसली की ती हाका मारत बसते, चारा नीट खात नाही, पान्हा चोरते. त्यात तिची दोन्ही करडं इथं राहिली, माणूस नवीन, जागा नवीन. ती रात्री ओरडते ते त्याच्यासाठी ताई, आणि दूध पण बरंचसं तिथंच गेलं. मला हे माहीत होतं आणि तरी गिऱ्हाईक परत जाऊ नये म्हणून मी गप्प राहिले.

आता १ लिटरचं. ते आमच्याकडचं दोन्ही वेळचं मिळून मोजलेलं होतं, विऊन सव्वा महिना झालेली, म्हणजे दूध अगदी भरात. बरबरीचं घरचं दूध पाऊण लिटर ते १ लिटर धरून चालायचं आणि दोनेक महिन्यांनी ते उतरतच जातं, परत गाभण राहून पाच महिन्यांनी व्याली की पुन्हा भरतं. हे मी तोंडानं सांगितलं की नाही आठवत नाही, कागदावर तरी लिहून दिलं नव्हतं, आता प्रत्येकाला लिहून देते. तुम्ही व्हिडिओत पाहिलेली २ लिटरवाली मिनी शेळी म्हणजे नायजेरियन ड्वार्फ, पश्चिम आफ्रिकेच्या बुटक्या शेळ्यांपासून अमेरिकेत तयार केलेली, ती आमच्याकडे कधीच नव्हती. बरबरी आपल्याच देशातली, आग्रा-मथुरा-एटाकडची, उभे छोटे कान, पांढऱ्यावर तपकिरी ठिपके, वजन २०-२५ किलो, बांधून पाळली तरी चालते म्हणून शहरात घरी ठेवता येते.

तुमच्या फोटोत दोन गोष्टी दिसल्या. वर नुसता टिनाचा पत्रा आहे, नागपूरचा मे महिना, ४५ डिग्रीत त्याच्याखाली माणूस पण टिकत नाही. त्याच्यावर तणस नाहीतर ओली पोती टाका आणि पाणी दिवसभर समोर ठेवा. आणि टोपल्यात शिळ्या पोळ्या न् भात भरलेला दिसला. प्रेमानं देता कळतं, पण पोळी-भात जास्त झाला की शेळीच्या पोटात आंबतं, पोट फुगतं, हगवण लागते आणि जीव पण जातो. तुरीचं कुटार, सुबाभूळ, बोरीचा पाला आणि थोडी ढेप (पेंड), तेही हळूहळू वाढवत. वासाचं म्हणाल तर बोकड जवळ असला की दुधाला वास लागतो, पण तुमच्याकडे बोकड नाही, म्हणजे एक तर कास न धुता काढता नाहीतर दूध गरमच पडून राहतं. कास धुवा, पुसा, पहिल्या दोन-तीन धारा बाजूला काढा, लगेच गाळून उकळा आणि गार करा, फरक पडेल.

ज्या ओळीनं काळजात धस्स झालं ती शेवटची, "८ महिन्यांच्या बाळासाठी घेतली होती." ताई, हे मला आधी माहीत नव्हतं, पण मी विचारायला पाहिजे होतं. वर्षाच्या आतल्या बाळाचं मुख्य दूध म्हणून शेळीचं दूध चालत नाही, त्यात फोलिक अ‍ॅसिड फार कमी असतं, आणि गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या बाळाला बहुतेकदा याचाही त्रास होतो. कच्चं तर घरातल्या कोणालाच देऊ नका, ब्रुसेलोसिससारखे (जनावराकडून माणसाला होणारा तापाचा आजार) आजार त्यातूनही येतात. आधी बाळाच्या डॉक्टरांना विचारा, माझ्या शेळीचं एक लिटर कमी विकलं गेलं तरी चालेल. डेंग्यूच्या दिवसांत लोक रात्री अकराला पातेलं घेऊन दारात उभे राहतात प्लेटलेट वाढतील म्हणून, त्यांना पण मी सांगते की हे दूध आहे, औषध नाही, पेशंटला दवाखान्यात न्या.

तर असं करू. शेळी परत द्यायची असेल तर पूर्ण पैसे परत, गाडीभाडं आमचं. ठेवायची असेल तर तिचीच एक पाट (मादी करडू) सोबतीला आणून सोडते, तिचे पैसे नाहीत, घरी येऊन दूध काढायचं पण शिकवते. रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत येते. तोवर पोळ्या बंद ठेवा, आणि हगवण दिसली तर रविवारची वाट न पाहता सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजच्या दवाखान्यात न्या. लसीचं कार्ड सोबत घ्या, पीपीआरच्या (शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाच्या) लसीची नोंद त्यात आहे.