कागद नवऱ्याच्या हातात : 'टेक्सासकर' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

'टेक्सासकर', नमस्कार.

घरात मारहाण सोसणाऱ्या, पण मुक्कामाची कागदपत्रं हातात नसलेल्या बायकांना अमेरिकेत कायद्याने कोणत्या वाटा आहेत, यावर मी लिहिलं आणि तुम्ही सणसणीत उत्तर दिलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ही ४९८अ ची (बायकोच्या छळाबद्दल नवऱ्यावर आणि सासरच्यांवर गुन्हा नोंदवायचं भारतातलं कलम; जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम ८५ म्हणून आहे) अमेरिकन आवृत्ती आहे, आरोप करा आणि ग्रीन कार्ड घ्या; नवऱ्याला कोणी विचारत नाही; आणि एवढाच जाच असेल तर मुलीने सरळ भारतात परत यावं, बेकायदा राहायचंच कशाला? शेवटी चुलतभावाला आलेल्या नोटिशीबद्दल लिहिलंय. त्याबद्दल शेवटी बोलते.

आधी 'बेकायदा'चं पाहू. आपल्याकडच्या बहुतेक मुली रीतसर एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर, नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या आधाराने येतात. त्याच्या व्हिसाची मुदत वाढवायचा अर्ज त्याची कंपनी करते. बायकोची मुदत त्याबरोबर आपोआप वाढत नाही, तिच्यासाठी आय-५३९ हा वेगळा अर्ज भरावा लागतो. तो कोणी भरलाच नाही, तर तिला कळायचं कसं? मी न्यू जर्सीत एका मोफत कायदा सल्ला केंद्रात दुभाषी म्हणून बसते. तिथे आलेल्या एका मुलीचा (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) पासपोर्ट नवऱ्याच्या कपाटात, कुलुपात. तिच्या मोबाइलमध्ये पासपोर्टचा जुना फोटो होता, त्यावरचा नंबर टाकून आम्ही सरकारी वेबसाइटवर तिचा आय-९४, म्हणजे देशात कधीपर्यंत राहता येईल त्याची नोंद, उघडला. मुदत कधीच उलटून गेली होती. ती एवढंच म्हणाली, "पण हे म्हणाले होते, सगळं केलंय म्हणून." ही तुमची बेकायदा राहणारी. आणि त्यानंतर हाच नवरा भांडण झालं की म्हणतो, एक फोन केला तर तुला उचलून नेतील.

तो फोन निकामी करायचा, यासाठीच हे सगळे कायदे आहेत. १९९४ च्या 'वावा' कायद्याने, म्हणजे व्हायोलन्स अगेन्स्ट विमेन अ‍ॅक्टने, छळ सोसणाऱ्या जोडीदाराला स्वतःचा अर्ज स्वतः करायची मुभा दिली. त्याआधी बायकोच्या ग्रीन कार्डाचा अर्ज नवऱ्याने करायचा आणि त्याला वाटलं तर त्यानेच मागे घ्यायचा. नवऱ्याला विचारत नाहीत हे तुमचं म्हणणं खरंच आहे, पण ती कायद्यातली फट नाही. १९९६ पासून कायद्यातच लिहिलंय की, छळ करणाऱ्याने पुरवलेल्या माहितीवरच विसंबून इमिग्रेशन खात्याने तिच्याविरुद्ध निर्णय घ्यायचा नाही आणि तिच्या अर्जाची बातमी बाहेर फोडायची नाही.

आता ४९८अ शी तुलना. तिथे आरोपी असतो, एफआयआर असतो, अटकेची टांगती तलवार असते. वावाच्या अर्जात आरोपीच नाही. त्या अर्जामुळे नवऱ्याला दंड नाही, तुरुंग नाही, त्याच्या नावावर गुन्हा नाही. तिच्या मुक्कामाचा प्रश्न फक्त त्याच्या हातून काढून घेतला जातो. सिद्ध सगळं तिनेच करायचं: लग्न खरं होतं, दोघं एकत्र राहिले, छळ झाला, तिचं स्वतःचं चारित्र्य कायद्याच्या कसोटीला उतरतं. पोलिसांत तक्रार केलीच पाहिजे अशी सक्ती नाही, कोणताही विश्वासार्ह पुरावा चालतो. मग भाडेकरार, एकत्र भरलेला टॅक्स, व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट, शेजारणीचं प्रतिज्ञापत्र असं जमवत बसायचं. आणि तिचं स्वतःचं निवेदन. ते लिहून घेताना हमखास ऐकू येतं, "मारलं नाही हो त्यांनी कधी." मग अर्ध्या तासाने हळूहळू बाहेर येतं की फोन रोज तपासला जायचा, पैसे मोजून मिळायचे, माहेरी बोलायचं ते स्पीकरवर. मानसिक क्रौर्य आणि देशाबाहेर हाकलून लावण्याची धमकी हासुद्धा या कायद्यात छळच आहे.

'आरोप करा, ग्रीन कार्ड घ्या' हे तर आपल्या मुलींच्या बाबतीत बरेचदा शक्यच नसतं. वावासाठी छळ करणारा अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक लागतो. नवरा एच-१बी वर असेल तर ते दार बंद. आणि भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग किती लांब आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. अशा बायकोला २००६ मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीने कामाची परवानगी मागता येते, आय-७६५व्ही भरून. पण त्या परवानगीने फक्त नोकरी करता येते, राहण्याचा कायदेशीर दर्जा मिळत नाही. उरतो यू व्हिसा, गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठीचा. त्यासाठी गुन्ह्याच्या तपासात मदत केल्याचं प्रमाणपत्र लागतं, पोलिसांची किंवा सरकारी वकिलाची सही लागते. वर्षाला मुख्य अर्जदारांना यू व्हिसे द्यायचे फक्त १०,०००, आणि तुंबलेले अर्ज दोन लाखांच्या वर. वर्षानुवर्षं ताटकळायचं. याला बक्षीस म्हणायचं का, तुम्हीच ठरवा.

गैरवापर होतो का? होतो. वावाचे अर्ज अलीकडे झपाट्याने वाढलेत आणि सगळेच खरे आहेत असं मी म्हणणार नाही. पैसे घेऊन ठरावीक साच्यातल्या कहाण्या लिहून देणारे 'सल्लागार' आहेत. खोटेपणा उघड झाला तर ग्रीन कार्डाचा रस्ता जन्मभरासाठी बंद होऊ शकतो, कागदोपत्री लग्न केलं असेल तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे. त्या सल्लागारांना धरा, माझी काहीच हरकत नाही. जाता जाता, नाव 'विमेन' असलं तरी पुरुषांनाही हा अर्ज करता येतो. आणि नातवंडं सांभाळायला आलेल्या आईबापांनाही, जर छळ करणारा मुलगा किंवा मुलगी सज्ञान अमेरिकन नागरिक असेल तर. आपल्या मंडळांच्या गणेशोत्सवात याबद्दल अवाक्षर निघत नाही.

'सरळ परत यावं' हे सरळ नाही. मुदत संपून १८० दिवसांपेक्षा जास्त राहून देश सोडला तर तीन वर्षं, एक वर्ष किंवा जास्त झालं तर दहा वर्षं परत यायला बंदी. मूल इथे जन्मलेलं असेल तर पंचाईत आणखी वाढते. मूल घेऊन निघाली तर अपहरणाचा गुन्हा लागू शकतो. एका देशातून दुसऱ्या देशात पळवून नेलेलं मूल परत पाठवण्याच्या हेग करारात भारत सामील नसल्यामुळे इथली कोर्टं मुलाला भारतात नेऊ द्यायला आधीच कचरतात. मूल इथे ठेवून जा, असं कोणत्या आईला सांगणार? ज्यांना खरंच परत जायचंय त्यांनी जरूर जावं, पण वकिलाला विचारून. न्यू जर्सीत 'मानवी', न्यूयॉर्कमध्ये 'सखी' या दक्षिण आशियाई बायकांसाठीच्या संस्था १९८० च्या दशकापासून काम करताहेत, त्या वकिलापर्यंत पोचवतात. देशभरासाठी १-८००-७९९-७२३३ ही हेल्पलाइन चोवीस तास चालू असते.

आता तुमचा चुलतभाऊ. वावाच्या अर्जाची नोटीस नवऱ्याला जातच नाही. तेव्हा त्याच्या हातात पडलाय तो बहुतेक राज्याच्या कोर्टाचा तात्पुरता संरक्षण आदेश असणार. इथे मात्र त्याची बाजू ऐकली जाते: त्यावर सुनावणीची तारीख छापलेली असेल, त्या दिवशी वकील घेऊन हजर राहायला सांगा. गैरहजर राहिला तर आदेश एकतर्फी कायम होऊ शकतो. तोवर त्याने बायकोला फोन, मेसेज काहीही करू नये, आणि नाशिकहून त्याच्या आईने तिच्या आईला 'समजवायला' फोन लावू नये. दुसऱ्याकरवी साधलेला संपर्कही आदेशाचा भंग धरला जाऊ शकतो, आणि तो स्वतः अजून व्हिसावर असेल तर त्या भंगापायी त्यालाच देशाबाहेर काढायची कारवाई सुरू होऊ शकते.